ऐच्छिक पेपर

संध्याकाळची बॅच. पटावर अकरा, बाकांवर सहा.
पंखा दोनवर फिरतो, तीनवर नुसता खडखडतो.
मी फळ्यावर लिहितो: रोम, एकोणीसशे सत्तावन्न.
मागून प्रश्न, सर, हे परीक्षेला येतंय?
येतंय. टीप लिहा. पाच मार्क.

तह म्हटलं की यांना वारणा आठवते,
चौथीत पाठ केलेली.
नदी म्हणजे रेघ. उत्तरेचं त्यांचं, दक्षिणेचं आपलं,
संपला तह.
मी सांगतो, हा उलटा आहे.
सहा देशांनी रेघा पुसायला सह्या केल्या,
पुसायच्या कामाला कचेरी नेमली,
कचेरीवर मंडळ बसवलं, बाजूला एक कोर्ट,
आणि कोर्टानं एके दिवशी
सह्या करणाऱ्यांकडंच
चष्म्यावरून पाहिलं.

खटला किरकोळ. डिंकाला लागतं तसलं रसायन,
जर्मनीतून हॉलंडात, नाक्यावर वाढीव जकात.
माल आणणारा म्हणाला, वाढवायची नाही असं तहात लिहिलंय.
सरकार म्हणालं, तह राज्याराज्यांतला. तू कोण?
कोर्ट म्हणालं, ज्याच्यासाठी लिहिलाय तो.

जकात ऐकून दस्तगीर मुजावर जागा होतो.
त्याच्या वडलांचा टेम्पो शिरोली नाक्यावर
रात्र रात्र उभा असायचा, आत टोमॅटो.
"पावती मागितली की काटा बिघडायचा, सर.
आमच्या अब्बांना कुणी सांगितलं न्हाई
असं कोर्ट असतंय म्हणून."

ऋतुजा वरुटे हात वर करत नाही, सरळ विचारते.
चिखलीहून येते, शेवटच्या एसटीनं परत जाते.
"पण कोर्ट देशांपेक्षा मोठं, हे तहात कुठल्या कलमात?"
कुठल्याच नाही.
सहा पेनं थांबतात.
मी पुस्तकातलं उत्तर देतो: तहाचा आत्मा, त्याची रचना, त्याचा रोख.
ती 'आत्मा' लिहून घेते
आणि पुढं प्रश्नचिन्ह काढते, मोठं, कानातल्यासारखं.

मग म्हणते, आमच्या दूध संस्थेचं असंच झालं.
आजोबा चेअरमन. संघात जायचा ठराव दीड ओळीचा,
'संघाचे नियम मान्य आहेत.' खाली नऊ सह्या, दोन अंगठे.
पहिल्यांदा लॅक्टोमीटर गेला, मग फॅटचं मशीन आलं,
आता म्हशीनं काय खायचं तेबी पत्रक येतंय.
वर्ग हसतो.
आणि बाहेर पडायचं झालं तर?
"पोटनियम हाय की. शेजारचं गाव पडलं.
चार महिनं भांडत बसले,
कॅनवरचा रंगवलेला नंबर कुणाचा म्हणून."
तिकडंही एक कलम आहे, मी म्हणतो, पन्नासावं.
घंटा होते.

रविवारी मी उगाचच प्रयागला गेलो.
डोळ्यांना दिसतात प्रवाह दोनच.
कासारीनं कुंभीला आधीच पोटात घेतलंय,
भोगावतीनं तुळशीला.
चार, म्हणजे हिशेबानं.
पाचवी सरस्वती. ती गुप्त.
म्हैस धूत होता त्याला विचारलं, कुठं आहे ती?
त्यानं घासणी असलेल्या हातानं खाली दाखवलं
आणि पुन्हा म्हशीच्या कानामागं घासायला लागला.

येताना राजाराम बंधाऱ्यावर थांबलो.
एकोणचाळीस फुटांना इशारा, त्रेचाळीसला धोका.
पट्टी एकच.
कुंभीचे किती इंच, तुळशीचे किती,
हे ती विचारत नाही,
आणि पुराच्या वर्षी ते विचारायला
कुणी आलेलंही मला आठवत नाही.
या पट्टीला कुणी अधिकार दिला?
कुठंतरी ठराव असेल. दीड ओळीचा.

चाचणीचे पेपर तपासतोय.
ऋतुजानं टिपेत कोर्टाचं नाव चुकवलंय,
साल चुकवलंय,
दूध मात्र सविस्तर.
पाचातले अडीच दिले.
मग खोडून साडेतीन.
खोडलं की शेजारी सही करावी लागते, नियम आहे.
केली.